सुपरहिरो मालिकेत कॉमिकचं रूपांतर

छापील कॉमिकमधला सुपरहिरो, त्याची गोष्ट, त्याच्या आसपासची माणसं आणि त्याचं जग हे सगळं उचलून टीव्हीवरच्या किंवा स्ट्रीमिंगवरच्या मालिकेत बसवायचं, याला कॉमिकचं मालिका-रूपांतर म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, कारण कॉमिकमध्ये चित्रं आधीच काढलेली असतात, डायलॉग फुग्यांमध्ये लिहिलेले असतात, म्हणजे आता नुसता कॅमेरा लावायचा असं कोणालाही वाटेल. पण कॉमिक वाचताना दोन चौकटींच्या मधे जी कोरी पट्टी असते ना, तिथे काय घडलं ते वाचणारा आपल्या मनात घडवत असतो. एका चौकटीत मूठ उगारलेली, पुढच्या चौकटीत माणूस भिंतीत घुसलेला, मधला अख्खा क्षण वाचणाऱ्याचा. मालिकेला ही सोय नाही, तिला ती मूठ दाखवावी लागते, तिचा आवाज ऐकवावा लागतो, आणि त्याहून अवघड म्हणजे एका अंकातून दुसऱ्या अंकात जाताना मधे जे दिवस गेले त्यात हा माणूस घरी काय करत होता, कोणाशी खोटं बोलला, रात्री झोप लागली का, हेही दाखवावं लागतं. रूपांतर करणाऱ्यांचं खरं काम या मोकळ्या जागांमध्ये असतं आणि मालिका जमली की फसली हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

मूळ कॉमिक म्हणजे नक्की कुठलं

कादंबरीवर मालिका काढली तर मूळ पुस्तक एकच असतं, हातात धरून दाखवता येतं. सुपरहिरोचं तसं नसतं. सुपरमॅन १९३८ साली ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात आला, जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी तो घडवला, आणि तेव्हा तो उडत नव्हता, नुसत्या लांबच लांब उड्या मारायचा. त्याला दुबळं करणाऱ्या ज्या क्रिप्टोनाइट दगडाशिवाय आज सुपरमॅनची गोष्ट पुरी होत नाही ते १९४३ मध्ये रेडिओवरच्या मालिकेत आलं आणि कॉमिकमध्ये यायला १९४९ उजाडलं. मग मूळ कुठलं धरायचं?

फ्लॅशचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. बॅरी ॲलन हा फ्लॅश १९५६ मध्ये आला तेव्हा त्याचे आईवडील दोघंही व्यवस्थित होते, आईचा खून आणि वडील तुरुंगात ही गोष्ट त्याला २००९ मध्ये जोडली गेली. २०१४ ला सुरू झालेल्या मालिकेने नेमकी हीच नवी गोष्ट पाया म्हणून घेतली, आणि आता ज्याने फक्त मालिका पाहिलीये त्याला आईच्या खुनाशिवाय बॅरी ही कल्पनाच करता येत नाही. डेअरडेव्हिल १९६४ मध्ये पिवळ्या पोशाखात आला, सातव्या अंकात लाल झाला, १९९३ च्या एका कॉमिकमध्ये साध्या काळ्या कपड्यात आणि डोळ्यांवर फडकं बांधून दिसला, आणि २०१५ च्या मालिकेने पहिला जवळपास अख्खा सीझन तो काळा अवतार चालवून लाल सूट शेवटच्या भागापर्यंत राखून ठेवला. म्हणून कोणी "मूळ कॉमिकशी प्रामाणिक नाही" असं म्हटलं की आधी कुठल्या सालातल्या, कुठल्या लेखकाच्या कॉमिकशी, हे विचारायला हवं. मालिका बनवणारे बहुतेक वेळा एक अंक किंवा एक कथा घेत नाहीत, दशकानुदशकं साठत गेलेल्या थरांमधून हवे ते थर निवडतात, कधी दोन कथा एकत्र करतात. वांडाव्हिजनमध्ये (२०२१, ९ भाग) २००५ च्या हाउस ऑफ एममधलं वांडाचं दुःखातून वास्तवच बदलून टाकणं आहे आणि तिचा यंत्रमानव जोडीदार व्हिजन याच्या २०१५-१६ च्या कॉमिकमधलं उपनगरातलं संसार थाटलेलं घरही आहे, आणि ते दोन्ही जोडायला जुन्या सिटकॉमचा साचा वापरलाय जो या दोन्ही कॉमिकमध्ये नव्हता.

अंकाचा एपिसोड होताना

कॉमिकचा महिन्याचा अंक साधारण २०-२२ पानांचा. टीव्हीचा भाग ४०-४५ मिनिटांचा, आणि अमेरिकन नेटवर्क टीव्हीवर एका सीझनला २२-२३ भाग लागायचे. एवढी जागा भरायची तर दर आठवड्याला नवा व्हिलन आणि मागे हळूहळू उकळत असलेली एक मोठी गोष्ट, हा साचा आपोआपच तयार होतो. स्ट्रीमिंगवर सीझन ८ ते १३ भागांचे झाले तसा हा आठवड्याचा व्हिलन मागे पडला आणि एक सीझन एक शत्रू अशी रचना आली. म्हणजे मालिकेचा आकार आधी ठरतो आणि त्या आकारात मावेल ते कॉमिकमधून घेतलं जातं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या मते अजूनही राग आला की हिरवा राक्षस होणाऱ्या हल्कची मालिका आहे, १९७७ च्या पायलटपासून, म्हणजे पहिल्या नमुना भागापासून, १९८२ पर्यंत चाललेली. १९६२ च्या कॉमिकमध्ये ब्रूस बॅनर गॅमा बॉम्ब बनवणारा शास्त्रज्ञ आहे, चाचणीच्या जागेवर रिक जोन्स नावाचा एक पोरगा येतो, त्याला वाचवायला बॅनर धावतो आणि स्फोटात सापडतो, म्हणजे ती अणुयुगाच्या, सैन्याच्या, शीतयुद्धाच्या भीतीची गोष्ट होती. मालिका करणाऱ्या केनेथ जॉन्सननी हे सगळंच बाजूला ठेवलं. नाव डेव्हिड केलं, कारण एकाच अक्षराने सुरू होणारं नाव-आडनाव त्यांना फार कॉमिकछाप वाटायचं. त्यांचा बॅनर डॉक्टर आहे, कार अपघातात त्याची बायको गेली आणि त्याला ती गाडी उचलता आली नाही, आणि संकटात काही माणसांच्या अंगात अचानक कुठून बळ येतं आणि माझ्याच अंगात का आलं नाही, हे शोधता शोधता तो स्वतःवरच गॅमा किरणांचा प्रयोग करून बसतो. पुढे जग त्याला मेलेला समजतं, जॅक मॅकगी नावाचा पत्रकार मागावर असतो, आणि तो गावोगाव नाव बदलून छोटीमोठी कामं करत फिरतो, दर आठवड्याला नवं गाव, नवी माणसं, नवा राग आणि शेवटी पाठीवर बॅग टाकून पुन्हा रस्त्यावर. रणगाडे नाहीत, परग्रहवासी नाहीत, कॉमिकमधला बोलणारा हल्क इथे नुसता गुरगुरतो. कागदावर यादी केली तर जवळपास सगळंच बदललेलं, पण राग आवरायला धडपडणारा आणि स्वतःलाच घाबरून माणसांपासून लांब पळणारा माणूस हा जो कॉमिकचा गाभा आहे तो बिल बिक्स्बीच्या चेहऱ्यावर पुरेपूर उतरला, हिरव्या रंगातला लू फेरिग्नो त्यानंतर यायचा.

घटनांचा क्रम बदलणं हे दुसरं मोठं हत्यार. सुपरशक्ती असलेल्या डिटेक्टिव्ह जेसिका जोन्सचं मूळ कॉमिक एलियस, ब्रायन मायकल बेंडिस आणि मायकल गेडॉस यांचं, २००१ ते २००४, २८ अंक. त्यात मनावर ताबा मिळवणारा किलग्रेव्ह येतो तो अगदी शेवटच्या पाच अंकांच्या कथेत, तोपर्यंत जेसिका अशी का झाली हे वाचणाऱ्याला नीट कळत नाही. मालिकेने २०१५ मध्ये पहिल्या सीझनचे १३ च्या १३ भाग त्याच्यावर उभे केले, म्हणजे कॉमिकमध्ये जे उशिरा उलगडणारं रहस्य होतं ते मालिकेत पहिल्या भागापासून मानगुटीवर बसलेलं भूत झालं. कॉमिकमध्ये तिची मैत्रीण कॅरल डॅनव्हर्स (पुढची कॅप्टन मार्व्हल) असते, पण कॅरलचा स्वतंत्र सिनेमा तोवर जाहीर झाला होता, मालिकेत तिची जागा ट्रिश वॉकरने घेतली. असे बदल कथेच्या गरजेपेक्षा पात्र कोणाच्या ताब्यात आहे यावरून होतात आणि ते सगळीकडेच होतात.

इन्व्हिन्सिबलचं कॉमिक २००३ ते २०१८, १४४ अंक. नायकाचा सुपरहिरो बाप ऑम्नी-मॅन आपल्याच साथीदारांना मारतो हे त्यात सातव्या अंकात घडतं, आणि २०२१ च्या ॲनिमेटेड मालिकेत पहिल्याच भागाच्या शेवटी. कॉमिक लिहिणारे रॉबर्ट कर्कमन स्वतः मालिकेत आहेत, तरी हा बदल झाला, आणि बरं झालं, कारण आता बाप काय आहे हे आपल्याला माहीत, पोराला माहीत नाही, आणि घरातलं साधं जेवणाचं टेबल बघतानाही पोटात गोळा येतो. तीच घटना, जागा बदलली, आणि धक्क्याची गोष्ट ताणाची गोष्ट झाली.

पोशाख, पैसा, रंग

कागदावर शाई सगळ्यासाठी सारखीच लागते, शहर उद्ध्वस्त करा नाहीतर चहा पिताना दाखवा. कॅमेऱ्यासमोर तसं नाही. १९५० च्या दशकातल्या सुपरमॅनच्या मालिकेत उडण्याचे तेच ते शॉट पुन्हा पुन्हा वापरले जायचे. तरुण सुपरमॅनवरच्या स्मॉलव्हिल मालिकेने (२००१ ते २०११, २१७ भाग) तर पोशाख नाही, उडणं नाही असा नियमच केला आणि सूटमधला सुपरमॅन थेट शेवटच्या भागात, तोही बहुतेक लांबूनच दिसला. खर्च वाचला हे खरं, पण त्यामुळे क्लार्कची (सुपरमॅनचं रोजचं नाव) शाळा, शेत, आईवडील आणि पुढे शत्रू होणाऱ्या लेक्सशी असलेली मैत्री यांना भरपूर वेळ मिळाला, आणि लेक्सशी तुटत जाणारी ती मैत्री हे त्या मालिकेचं सोनं आहे. किलग्रेव्ह कॉमिकमध्ये अंगानेच जांभळा आहे, मालिकेत माणूस साधा आणि जांभळा रंग त्याच्या कपड्यांत आणि प्रकाशात.

१९६६ ची बॅटमॅन मालिका बरोबर उलट्या दिशेने गेली, तिने कॉमिकचं पानच पडद्यावर आणायचं ठरवलं. मारामारीत आवाजाचे शब्द मोठ्या रंगीत अक्षरांत, व्हिलनच्या अड्ड्यात कॅमेरा तिरका, पहिले दोन सीझन आठवड्यातून दोन रात्री भाग आणि पहिल्या रात्री बॅटमॅन मरणाच्या सापळ्यात अडकलेला असताना गोष्ट थांबायची. तीन सीझन, १२० भाग. पुढे अनेक वर्षं बॅटमॅन गंभीर करायचा म्हणजे या मालिकेपासून लांब जायचं असंच लोक समजत राहिले, पण पानावरच्या गोष्टी पडद्याच्या भाषेत कशा बोलायच्या हा प्रश्न इतक्या सरळपणे फार कमी जणांनी हाताळलाय.

कोऱ्या जागेत लिहिलेलं

काही मालिका कॉमिकने न सांगितलेल्यावरच उभ्या राहतात. वॉचमेनच्या कॉमिकमध्ये (१९८६-८७, १२ अंक) हुडेड जस्टिस या सगळ्यात पहिल्या मुखवटेधाऱ्याची ओळख पक्की कधीच सांगितलेली नाही, नुसता अंदाज दिलाय. चेहरा झाकलेला, गळ्यात फासाची दोरी. २०१९ च्या मालिकेने, जी रूपांतरापेक्षा पुढची गोष्ट आहे, या दोरीकडे नीट बघितलं आणि विचारलं की असला पोशाख कोण घालेल. उत्तर दिलं विल रीव्ह्ज, १९२१ च्या टल्सातल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडातून लहानपणी वाचलेला, पुढे पोलीस झालेला माणूस, ज्याला त्याच्याच सहकाऱ्यांनी झाडाला लटकवलं होतं. कॉमिकमधलं एक वाक्यही न पुसता त्याच्या अर्थाची दिशा बदलली. मला विचाराल तर रूपांतर म्हणून यापेक्षा वरचं काम टीव्हीवर झालेलं नाही.

द बॉईजमध्ये (कॉमिक २००६ ते २०१२, ७२ अंक, मालिका २०१९ पासून) बदल छोटा पण खोलवर जाणारा आहे. कॉमिकमध्ये सुपरहिरोंच्या मागे लागलेली टोळी स्वतःही कंपाउंड व्ही हे सुपरशक्ती देणारं औषध घेऊन ताकदवान झालेली असते. मालिकेत सुरुवातीला बुचर, ह्युई वगैरे साधी हाडामांसाची माणसं आहेत, म्हणून होमलँडर हा सगळ्यात ताकदवान सुपरहिरो नुसता खोलीत आला तरी श्वास अडकतो. कॉमिकमधला ह्युई दिसायला अभिनेता सायमन पेगवरून काढला होता, मालिका येईपर्यंत पेगचं वय वाढलेलं, म्हणून त्याला ह्युईचा बाप केलं, हे त्या टीमने मनापासून केलेलं काम आहे.

मालिकेतून परत कॉमिकमध्ये

हा रस्ता एकेरी नाही आणि हेही सांगायलाच हवं. १९५९ मध्ये बॅटमॅनच्या कॉमिकमध्ये मिस्टर झीरो नावाचा एक किरकोळ व्हिलन आला, १९६६ च्या मालिकेने त्याचं नाव मिस्टर फ्रीझ केलं आणि कॉमिकने ते उचललं. मग १९९२ च्या ॲनिमेटेड मालिकेने त्याला नोरा नावाची आजारी, बर्फात गोठवून ठेवलेली बायको दिली, आणि बंदुकीने बर्फ मारणारा माणूस एकदम शोकांतिकेचा नायक झाला, कॉमिकने तेही घेतलं. त्याच ॲनिमेटेड मालिकेत जोकरची साथीदार म्हणून हार्ली क्विन आली, पॉल डीनी आणि ब्रूस टिम यांची, आधी कॉमिकमध्ये कुठेच नव्हती, आज तिचं स्वतःचं कॉमिक आहे. बार्बरा गॉर्डन ही बॅटगर्ल १९६७ मध्ये मालिकेच्या निर्मात्यांना नवं स्त्रीपात्र हवं होतं म्हणून कॉमिकमध्ये आणली गेली, आणि १९६४ मध्ये मारून टाकलेला बॅटमॅनचा नोकर आल्फ्रेड टीव्हीवर आहे म्हणून कॉमिकमध्ये परत जिवंत करावा लागला. ॲरो मालिकेसाठी बनवलेला जॉन डिगल २०१३ मध्ये कॉमिकमध्ये पोचला.

जपानमध्ये टोएईने १९७८-७९ ला ४१ भागांची स्पायडरमॅन मालिका केली, त्यात पीटर पार्कर नाहीच, ताकुया यामाशिरो नावाचा मोटरसायकलपटू आहे आणि त्याच्याकडे लिओपार्डन नावाचा प्रचंड रोबो आहे. मूळ कॉमिकमधला पोशाख सोडला तर काय उरलं असं वाटेल, पण या रोबोची कल्पना सुपर सेंताई या रंगीत पोशाखातल्या हिरोंच्या टोळ्यांच्या जपानी मालिकांनी उचलली आणि २०१४ च्या स्पायडर-व्हर्स कथेत मार्व्हलने स्वतःच या जपानी स्पायडरमॅनला रोबोसकट आपल्या कॉमिकमध्ये घेतलं.

मिस मार्व्हलच्या २०२२ च्या मालिकेत मिस मार्व्हलची, म्हणजे कमला खानची, शक्तीच बदलली. २०१४ च्या कॉमिकमध्ये तिचं अंग ताणतं, फुगतं, लहान-मोठं होतं, आणि वाढत्या वयातल्या मुलीला आपलंच शरीर परकं वाटणं त्यात इतकं बरोबर पकडलं होतं की मालिकेतले प्रकाशाचे तुकडे त्यापुढे फिके वाटतात. पण त्या बदलासाठी आणलेल्या आजीच्या घराण्यातल्या कड्याने गोष्टीला १९४७ च्या फाळणीपर्यंत नेलं, रेल्वे स्टेशनवरच्या त्या गर्दीत एक लहान मुलगी हरवते आणि सापडते, हे कॉमिकमध्ये नव्हतं. मालिकेने कमला म्युटंट, म्हणजे जन्मतःच शक्ती अंगात असलेली, असल्याचं सुचवलं, २०२३ मध्ये कॉमिकनेही तिला म्युटंट केलं, आणि ते नवं कॉमिक सहलेखक म्हणून लिहिलं इमान वेलानीने, म्हणजे पडद्यावर कमला साकारणाऱ्या, आणि त्याआधी कमलाची फॅन असलेल्या मुलीने.