कंपनीचा एअर फिल्टर काढण्याआधी

एक लिटर पेट्रोल नीट जळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते. वजनाने मोजले तर 1 भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा. म्हणजे 35 लिटरची टाकी संपेपर्यंत तीन लाख लिटरहून जास्त हवा बोनेटखालच्या त्या घड्याघड्यांच्या कागदातून गाळली जाते.

हा कागद आणि त्याचा काळा डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला की पिकअप वाढतो, असे अनेकांना वाटते. पण पेट्रोल इंजिनात फिल्टरच्या पुढे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी थ्रॉटलची झडप असते आणि रोजच्या चालवण्यात ती थोडीच उघडी असते. हवा खरी अडते ती तिथे. नळ अर्धा बंद ठेवून पाइप जाड केला म्हणून बादली लवकर भरत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये आधुनिक पेट्रोल गाड्यांवर मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून पाहिले. अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर वेग घ्यायला मात्र गाडीला जास्त वेळ लागला.

उघड्या फिल्टरची दुसरी अडचण उष्णतेची. तो इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो. 30 अंशांऐवजी 60 अंशांची हवा आत गेली तर तेवढ्याच जागेत सुमारे 9 टक्के कमी ऑक्सिजन मावतो. कंपनीच्या नळीचे तोंड पुढच्या जाळीजवळ असते ते म्हणूनच. आणि ती घुमणारी गुरगुर? मूळ नळीला जोडलेली पोकळ पेटी ठरावीक कंपनांचा आवाज शोषते. ती काढली की गाडी गुरगुरते आणि कानाला ताकद वाढल्यासारखे वाटते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती धुळीची. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवरच्या फुफाट्यात वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात. ते सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतात, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासली जाते. फिल्टर हे कण चाळणीसारखे अडवत नाही. तंतूंमधली फट पुष्कळदा कणापेक्षा मोठीच असते. पण हवा वळते तेव्हा जड कणाला वळता येत नाही, तो तंतूवर आदळून चिकटतो. चिकटलेली धूळ मग पुढच्या धुळीला अडवते, म्हणून थोडा मळलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो. दर महिन्याला कॉम्प्रेसरच्या हवेने तो झटकू नये. जोराच्या झोताने कागद फाटू शकतो.

तेल लावलेले सुती फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात, ही त्यांची खरी सोय. पण तेल जास्त झाले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसते आणि मोजमाप चुकते. पावसाळ्यात तर थंड हवेसाठी खाली उतरवलेली लांब नळी मुळीच नको. तुंबलेल्या रस्त्यावर तिने पाणी ओढले तर सिलिंडरमध्ये पाणी हवेसारखे दाबले जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

टर्बो गाडी ट्रॅकवर पळवायची असेल आणि ईसीयूही (इंजिनाचा संगणक) त्याप्रमाणे नव्याने जुळवणार असाल, तर वेगळा इन्टेक (फिल्टर आणि त्याची नळी) जरूर घ्या. मात्र आयएसओ 5011 चाचणीत तो किती धूळ अडवतो, हा आकडा विक्रेत्याकडे मागा. फिल्टर कुठलाही असो, पुढच्या सर्व्हिसिंगला फिल्टरपलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवून पाहा. बोटाला बारीक माती लागली तर ती इंजिनातही पोचते आहे.