नस शाबूत आहे का? एनएफ-२ आणि कॉक्लिअर इम्प्लांटची उलटी वाट

कॉक्लिअर इम्प्लांट आवाजाचं रूपांतर विजेच्या स्पंदांत करतं आणि ते कानाच्या आतल्या शंखातून श्रवणाच्या नसेला देतं. तिथून मेंदूपर्यंत निरोप पोचवायचा तो नसेनंच. मग गाठ नेमकी त्या नसेपाशीच असेल तर?

न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २, म्हणजे एनएफ-२, या आनुवंशिक आजारात हेच होतं, आणि तेही बहुधा दोन्ही बाजूंना. नसांवर आवरण घालणाऱ्या श्वान पेशींपासून या गाठी वाढतात. (इथे कुत्र्याचा काही संबंध नाही, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं हे आडनाव.) गाठी कर्करोगाच्या नसतात, पण जागा अडचणीची. १८२२ मध्ये एडिंबरोचे सर्जन विशार्ट यांनी अशा एका २१ वर्षांच्या बहिऱ्या तरुणाची नोंद केली. १९३० मध्ये गार्डनर आणि फ्रेझिअर यांनी एकाच घराण्याच्या पाच पिढ्यांत बहिरेपण आलेल्या ३८ जणांचा माग काढला. या आजारामागचं, २२ व्या गुणसूत्रावरचं जनुक सापडायला मात्र १९९३ उजाडलं. आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता साधारण निम्मी. तरीही सुमारे अर्ध्या रुग्णांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो.

बहिऱ्या माणसाला विजेनं ऐकवायचा प्रयोग १९५७ मध्ये पॅरिसला जुर्नो आणि एरिएस यांनी केला. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसचे कानाचे सर्जन विल्यम हाउस यांनी तो धागा पुढे नेला. गंमत म्हणजे कानामागचं हाड कोरून याच गाठींपर्यंत पोचण्याची वाट हाउस यांनीच न्यूरोसर्जन हिट्सेलबर्गर यांच्यासोबत रुळवली होती. या वाटेनं गाठ निघायची, पण त्या कानाचं ऐकणं जायचं.

१९७९ मध्ये या दोघांकडे एनएफ-२ असलेली एक बाई आली. ऐकू येणारा कान एकच उरलेला आणि त्यातही गाठ. काहीतरी ऐकू येईल असं करा, हा आग्रह तिचाच होता. डॉक्टरांनी नस ओलांडून थेट मेंदूच्या देठावरच्या श्रवणकेंद्रापाशी इलेक्ट्रोड ठेवला. पुढे त्या बाजूचा पाय फडफडू लागला, म्हणून १९८१ मध्ये तो बदलून जाळीवर बसवलेला इलेक्ट्रोड घातला. ऑडिटरी ब्रेनस्टेम इम्प्लांटचा जन्म असा झाला. अमेरिकेच्या एफडीएनं २००० मध्ये १२ वर्षांवरच्या एनएफ-२ रुग्णांसाठी त्याला मंजुरी दिली. मात्र बहुतेकांना त्यातून आवाजाची चाहूल आणि लय कळते, ओठ वाचायला मदत होते. समोरच्याकडे न पाहता बोलणं समजणारे थोडेच.

म्हणजे या रुग्णांसाठी अवघड उपाय आधी आला, सोपा नंतर. गाठ बहुतेकदा शेजारच्या, तोल सांभाळणाऱ्या नसेवर उगवते. ऐकण्याची नस दबते, पण तुटलेलीच असते असं नाही. मायक्रोसर्जरी सुधारली, काही गाठींना रेडिएशन देता येऊ लागलं, काहींवर नुसती नजर ठेवणंही चालू लागलं. तशी नस शाबूत असलेले पण बहिरे झालेले रुग्ण दिसू लागले. १९९० च्या दशकात त्यांना साधं कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्याचे अहवाल आले. नस काम करते का हे पाहायला कानाच्या पडद्यातून बारीक सुई आतल्या हाडावर टेकवून सौम्य वीज देत आणि रुग्णाला विचारत, काही ऐकू येतंय? नस चालत असेल तर ब्रेनस्टेम इम्प्लांटपेक्षा बोलणं बरंच स्पष्ट कळतं. वेळ मात्र गाठावी लागते: हाड कोरून गाठ काढल्यावर शंखात हळूहळू हाड भरू लागतं, म्हणून इलेक्ट्रोड त्याच ऑपरेशनमध्ये बसवणं सोयीचं.

एक अडचण अजून गेलेली नाही. एनएफ-२ च्या रुग्णाला आयुष्यभर पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो आणि इम्प्लांटमध्ये असतं लोहचुंबक. पूर्वी डोक्याला घट्ट पट्टी बांधत किंवा छोटं ऑपरेशन करून चुंबकच काढून ठेवत. नव्या इम्प्लांटांत ते आतल्या आत फिरतं, त्यामुळे दुखणं कमी झालं. पण फोटोवर त्याची काळी सावली पडायची ती पडतेच, आणि तीही ज्या बाजूची गाठ पाहायची नेमकी त्याच बाजूला.