डिजिटल लायब्ररी म्हणजे पीडीएफचं गोदाम नव्हे

‘डिजिटल लायब्ररी म्हणजे स्कॅन केलेल्या पुस्तकांचा ढीग, त्यापेक्षा गूगल बरं’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडीही सर्रास ऐकू येतं. विज्ञान-गणिताच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २००० साली सुरू केलेली नॅशनल सायन्स डिजिटल लायब्ररीच घ्या. तिचा खरा ठेवा म्हणजे नोंदी: शैक्षणिक साहित्य कोणत्या विषयाचं, कोणत्या इयत्तेसाठी, मूळ कुठे आहे. जुन्या ग्रंथालयातलं कार्डांचं कपाटच म्हणा ना!

शिवाय साहित्य म्हणजे नुसता मजकूर नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संगणकावर करून पाहायच्या प्रयोगांच्या संग्रहातला लंबक उघडा. गोळ्याचं वस्तुमान दुप्पट करा, आवर्तनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, तोच राहतो. दोरी चौपट लांब करा, तो दुप्पट होतो. मग लंबक चंद्रावर न्या. झोके चांगलेच रेंगाळतात. छापील आकृतीत हे कसं जमणार?

गणिताचं दुखणं वेगळं. स्कॅन केलेलं सूत्र संगणकाच्या लेखी निव्वळ चित्र. तेच ‘मॅथएमएल’ या १९९८ साली प्रमाणित झालेल्या, सूत्रं लिहिण्याच्या संगणकीय भाषेत लिहिलं, की ते शोधता येतं आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर ते वाचूनही दाखवू शकतो.