लाकडी स्टिअरिंगला खोबरेल? खुलासा

लाकडी स्टिअरिंगची चमक गेली की खोबरेल चोळा, लाकूड तेल पिऊन नव्यासारखं होतं, असं जळगाव-भुसावळकडे सर्रास सांगतात. पण पिईल कसं? वर वॉर्निशचा थर असतो. तेल मुरतं ते फक्त तडे गेलेत तिथे, आणि मग त्या जागी नवं वॉर्निश धरत नाही, पापुद्रे सुटतात. हात निसटतो ते वेगळंच.

खरं काम कंटाळवाणं आहे. जुना थर खरवडायचा, भेगा इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) भरायच्या, बारीक पॉलिश पेपर मारायचा, मग वॉर्निशचे पातळ हात, प्रत्येक पूर्ण वाळवून. लाखेचं पॉलिश नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, बंद गाडीत तर त्याहून वर, आणि लाख तिथे चिकट होते. कव्हर घालायचंच तर शिवून घट्ट बसवलेलं. सैल कव्हर ऐन वळणावर फिरतं.