अपडेट झालं आणि वजनकाटा दिसेना: लिनक्स कर्नल व ड्रायव्हरविषयी ग्राहकांसाठी माहिती

रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या आमच्या ग्राहकांकडे लिनक्सवर (विंडोजसारखीच एक संगणकप्रणाली) चालणारी बरीच मशीन्स आहेत. आंबा पॅकिंगच्या शेडमधला सिरीयल कार्डावरचा वजनकाटा, पतसंस्थेचा पासबुक प्रिंटर, लॉजवरचा वायफाय डोंगल. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, आणि उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. यांतल्या काहींचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून नसतो. तो आम्ही वेगळा बसवतो, त्याला कर्नल मॉड्यूल म्हणतात. अपडेटनंतर कुरकुर होते ती बहुधा याचीच.

बिलिंगचा प्रोग्राम मात्र कर्नल बदलला तरी चालत राहतो, कारण बाहेरच्या प्रोग्रामशी असलेला व्यवहार मोडायचा नाही हा लिनक्सचा शिरस्ता आहे. आतल्या मॉड्यूलना असा शब्द मूळ लिनक्सने कधीच दिलेला नाही. पतसंस्थेच्या खातेवहीत मध्येच एक रकाना घातला आणि कारकुनाला सांगितलंच नाही, तर तो तिसऱ्या रकान्यातला आकडा शिल्लक म्हणून वाचत राहील. जुन्या कर्नलसाठी बांधलेलं (म्हणजे सोर्स कोडमधून तयार केलेलं) मॉड्यूल नव्या कर्नलच्या मेमरीत नेमकं हेच करतं. म्हणून कर्नल ते लोड करण्याआधी आवृत्तीची खूण आणि मॉड्यूल वापरतं त्या प्रत्येक फंक्शनची (कर्नलमधल्या छोट्या कामाची) चेकसम, म्हणजे ओळख पटवणारा आकडा, पडताळतो. जुळलं नाही तर 'इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून नकार देतो. नकार आला तर बरंच म्हणायचं! जबरदस्तीने लोड करायचे उपाय इंटरनेटवर सापडतात, ते कृपया करू नका. मशीन बंद पडलं तर निदान कळतं, डेटा गुपचूप बिघडला तर कळतही नाही.

आम्ही काय करतो

सर्व्हरवर शक्यतो अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स टाकतो. हे दोन्ही रेड हॅट कंपनीच्या लिनक्सशी जुळणारे लिनक्सचे प्रकार आहेत. रेड हॅट आपल्या कर्नलमधल्या ठरावीक फंक्शन्सची यादी ठेवते आणि मुख्य आवृत्ती तीच असेपर्यंत ती बदलत नाही. या दोन्ही सिस्टिम त्याच वाटेने जातात. मॉड्यूल त्या यादीतच राहिलं, तर सुरक्षेचे अपडेट येत राहतात आणि मॉड्यूल पुन्हा बांधावं लागत नाही. आवृत्ती ९ मध्ये कर्नल ५.१४ दिसतो. "एवढा जुना का?" असं पुष्कळजण विचारतात. आकडा जुना असला तरी दुरुस्त्या नव्या असतात, त्याच कर्नलमध्ये आणून बसवलेल्या.

काउंटरवरच्या मशीनवर उबुंटू हा लिनक्सचा दुसरा प्रकार असतो, त्याला अशी यादी नाही. तिथे डीकेएमएस लावतो, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलबरोबर मॉड्यूल आपोआप नव्याने बांधलं जातं. उबुंटू २२.०४ असेल तर आम्ही कर्नल ५.१५ चीच मालिका धरून राहतो. ६.८ वर उडी मारली की जुन्या ड्रायव्हरचा सोर्स पुष्कळदा बांधलाच जात नाही. सिक्युअर बूट (फक्त खात्रीचा कोड चालू देणारी मशीनची सोय) चालू असेल तर नवं मॉड्यूल साइनही करावं लागतं, म्हणजे त्यावर डिजिटल सही लागते, नाहीतर ते बांधलं जाऊनही लोड होत नाही.

तुम्ही काय करायचं

अपडेट चालू असताना बटण दाबून मशीन बंद करू नका. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा यूपीएस नसेल तर अपडेटला हातच लावू नका. जागा मोकळी करायच्या नादात जुना कर्नल काढू नका.

उपकरण दिसेनासं झालं तर मशीन रीस्टार्ट करा, सुरुवातीच्या मेनूत आधीचा कर्नल घ्या (उबुंटूवर तो 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये असतो). बहुतेक वेळा दिवसभराचं काम निभावतं. मग आम्हाला फोन करा आणि पडद्यावरच्या ओळीचा फोटो पाठवा.

मोठ्या आवृत्तीबदलाची तारीख आधी ठरवू. मच्छीमार सोसायट्यांचं काम १ जून ते ३१ जुलैच्या बंदीकाळात घेतो. आंबेवाल्यांचं हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये मुळीच नाही.