स्टेडियम शेजारच्या हद्दीत, त्रास आपल्या गावात: हरकत कोणी, कुठे आणि कशी घ्यायची

जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियममध्ये सामना असला की वर्धा रोडचे काय होते, हे नागपूरकरांना सांगायला नको. ज्याने तिकीटही काढलेले नाही असा बुटीबोरीचा कामगार पाळी संपवून घरी निघतो आणि खापरीच्या अलीकडे-पलीकडे अडकून पडतो. हे स्टेडियम २००८ पासून सुरू आहे. तिथे सुमारे ४५ हजार प्रेक्षक बसतात आणि ते महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. म्हणजे मैदान एका हद्दीत, गर्दी दुसऱ्या हद्दीत आणि कचरा-वाहतूक-बंदोबस्ताचा ताण तिसऱ्याच्या डोक्यावर.

उद्या असाच एखादा मोठा क्रीडा प्रकल्प कामठी, हिंगणा, वाडी किंवा बेसा-पिपळ्याच्या वेशीवर आला, तर पहिला प्रश्न हाच निघतो: "जागा आपल्या नगरपरिषदेत नाही, मग आपण काय बोलणार?" बोलता येते, आणि तेही कायद्याने दिलेल्या हक्काने. मात्र त्यासाठी ठरावीक खिडकी असते, ती थोडे दिवसच उघडी राहते, आणि बहुतेक लोकांना ती बंद झाल्यावरच कळते.

आधी नियोजन प्राधिकरण ओळखा

हरकत चुकीच्या कार्यालयात गेली तर ती हरकत राहत नाही, नुसते निवेदन होते. नागपूर शहरात नियोजन प्राधिकरण महापालिका आहे, काही योजनांच्या क्षेत्रात नागपूर सुधार प्रन्यास. शहराबाहेरच्या महानगर क्षेत्रात, म्हणजे ७१९ गावांच्या पट्ट्यात, नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, ज्याला आपण सगळे एनएमआरडीए म्हणतो. या क्षेत्राची विकास योजना २०१८ मध्ये मंजूर झाली. नगरपरिषद किंवा नगरपंचायत असलेल्या गावात कोणाचे अधिकार चालतात, हे त्या खसऱ्यापुरते (म्हणजे जमिनीच्या त्या सर्व्हे क्रमांकापुरते) नगररचना विभागाकडून लेखी विचारून घ्या. "मौजा अमुक, तहसील अमुक, खसरा क्रमांक अमुक, या जागेचे नियोजन प्राधिकरण कोण आणि मंजूर विकास योजनेत वापर काय दाखवला आहे?" एवढाच अर्ज करायचा. सोबत भाग नकाशाची, म्हणजे विकास योजनेच्या नकाशातल्या तेवढ्या भागाची, प्रमाणित प्रत मागा. पुढचे सगळे या एका कागदावर उभे राहते.

खिडकी कधी उघडते

शेती विभागातल्या किंवा दुसऱ्याच कामासाठी आरक्षित जागेवर स्टेडियम आणायचे असेल, तर बहुतेक वेळा मंजूर विकास योजनेत फेरबदल करावा लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधले कलम ३७ त्यासाठी आहे. प्राधिकरणाने राजपत्रात नोटीस काढायची, हरकती व सूचना मागवायच्या, हरकतदारांना सुनावणी द्यायची आणि मग प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य शासनाकडे पाठवायचा, असा क्रम आहे. हरकतीची मुदत एक महिन्याची. ती कोणत्या तारखेपासून मोजायची हे नोटिशीतच लिहिलेले असते. ती ओळ सगळ्यात आधी वाचा, कारण वर्तमानपत्रात जाहिरात दिसली त्या दिवसापासून लोक मोजतात आणि चार-पाच दिवस चुकतात. कधी कधी शासन स्वतःच अशी नोटीस काढते. तेव्हा हरकत कोणत्या अधिकाऱ्याकडे द्यायची, तेही नोटिशीतच असते.

पूर्ण नवी प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होत असेल तर कलम २६ लागते. त्यात नियोजन समिती सुनावणी घेते. समितीत प्राधिकरणाच्या लोकांबरोबर बाहेरचे जाणकारही असतात, म्हणून तिथे मुद्दा ऐकला जाण्याची शक्यता मला थोडी जास्त वाटते.

नोटीस कुठे शोधायची? महाराष्ट्र शासन राजपत्राच्या नागपूर विभागीय पुरवणीत, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आणि स्थानिक दैनिकांच्या जाहीर नोटिशींच्या पानावर. घरात कोणीतरी एकाने आठवड्यातून एकदा ते पान चाळायची सवय लावून घ्यावी, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

पात्रता

इथे अट जवळजवळ नाहीच. कायदा "कोणतीही व्यक्ती" म्हणतो. त्या हद्दीत राहण्याची गरज नाही, जमीन असण्याची नाही, मतदार असण्याचीही नाही. शेतकरी, भाडेकरू, दुकानदार, गृहनिर्माण संस्था, ग्रामपंचायत, शाळा, सगळ्यांना हरकत घेता येते. शेजारच्या नगरपरिषदेलाही येते, आणि तिने घ्यायलाच हवी. हरकतीला शुल्क नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिली तरी पूर्ण चालते.

नगरपरिषदेची हरकत मात्र मुख्याधिकाऱ्यांच्या नुसत्या पत्राने पाठवू नये. सर्वसाधारण सभेचा ठराव करावा, प्रशासक असतील तर त्यांचा ठराव घ्यावा, आणि त्यातच "सुनावणीस हजर राहण्याचे व गरज पडल्यास न्यायालयात जाण्याचे अधिकार मुख्याधिकाऱ्यांना देण्यात येत आहेत" असे वाक्य घालावे. हे वाक्य नसेल तर पुढे अधिकार कोणी दिला यावर वाद होतो, आणि तोवर मैदानाचे भूमिपूजन झालेले असते. आपल्या नगरसेवकाकडे शब्द टाकायचा असेल तर याच कामासाठी टाका.

कागद

कायद्यात कागदपत्रांची यादी दिलेली नाही. तरी वजनदार हरकतीला हे जोडावे: ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, सातबारा किंवा आखीव पत्रिका किंवा मालमत्ता कराची पावती, भाग नकाशावर आपले घर आणि प्रस्तावित जागा दाखवून मोजलेले अंतर, तारीख असलेले फोटो, आणि नोटिशीची प्रत. सोसायटीतर्फे देत असाल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि ठराव. पन्नास जणांनी एकाच मजकुरावर सह्या केल्या तर ती एकच हरकत धरली जाण्याची शक्यता असते. त्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या अडचणीच्या दहा वेगळ्या हरकती द्याव्यात.

दोन प्रती घेऊन जा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हे मी स्वतः शिकलो आहे. एका कार्यालयात मुदतीच्या शेवटच्या दिवशी "ठेवून जा, उद्या नंबर पडेल" असे सांगितले गेले आणि मी ठेवून आलो. आवक नोंदीत दुसऱ्या दिवसाची तारीख पडली आणि माझी हरकत मुदतबाह्य ठरली. तेव्हापासून मी मुदतीच्या आठ दिवस आधी जातो आणि तीच हरकत पोच-पावतीसह स्पीड पोस्टानेही पाठवतो.

हरकतीत काय लिहायचे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "आमचा प्रकल्पाला तीव्र विरोध आहे" या वाक्याने काही होत नाही. अधिकाऱ्याला त्यावर "अमान्य" लिहायला एक ओळ पुरते.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात दोन शेजारी शहरांत याच विषयावर भांडण झाले, त्यातून शिकण्यासारखे आहे. टेंपी शहराला सुमारे ४६ एकरांवर आइस हॉकीचे मोठे क्रीडागृह आणि त्याच्या भोवती दुकाने, हॉटेल, निवासी इमारती उभारायच्या होत्या. शेजारच्या फिनिक्सचा मोठा विमानतळ अगदी जवळ आहे. मार्च २०२३ मध्ये फिनिक्सने दावा लावला. त्यात क्रीडागृहाला विरोध नव्हता. विमानांच्या वाटेखाली, जास्त आवाजाच्या पट्ट्यात घरे बांधायची नाहीत असा १९९४ चा करार दोन्ही शहरांत झाला होता आणि टेंपीने नोव्हेंबर २०२२ मध्ये केलेला जमिनीचा वापरबदल त्याच्या विरोधात जातो, एवढाच मुद्दा त्यांनी धरला. पुढे १६ मे २०२३ ला टेंपीच्या मतदारांनीच प्रकल्प नाकारला. आपल्याकडे असे सार्वमत नाही, म्हणून आपल्याला कागदच घट्ट करावा लागतो. पण पद्धत तीच घ्या: सगळ्यावर बोलू नका, जिथे नियम किंवा करार मोडतो त्या एका जागेवर बोट ठेवा.

नागपूरच्या परिसरात अशा जागा बऱ्याच सापडतात. पहिली पाण्याची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते आपण पाहिले आहे. मोठे पार्किंग म्हणजे पाणी न मुरणारी जमीन, ते पाणी कुठल्या नाल्याने कुठल्या गावात उतरणार, याचे उत्तर प्रस्तावात आहे का ते बघा. नाग आणि पिवळी नदीचे पाणी शेवटी कन्हानकडे जाते, म्हणून या नद्यांच्या खालच्या अंगाच्या गावांनी हा मुद्दा सोडूच नये. दुसरी रस्त्याची: किती वाहने येणार, ती उतरणार कुठे, रुग्णवाहिकेला वाट कोणती. तिसरी आवाजाची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. चौथी, विमानतळाजवळ असेल तर दिव्यांच्या उंच मनोऱ्यांची: भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे उंचीचे ना-हरकत घेतले आहे का? आणि सगळ्यात कायदेशीर मुद्दा हा की कलम ३७ च्या फेरबदलाने विकास योजनेचे मूळ स्वरूप बदलता येत नाही. शंभर एकर शेतीपट्टा एका फटक्यात व्यापारी करणे हे किरकोळ फेरबदलात बसते का, हे विचारा.

मजकूर साधारण असा होऊ शकतो: "प्रस्तावित जागेच्या पूर्व सीमेपासून माझे घर ३८० मीटरवर आहे. जागेतील पावसाचे पाणी ज्या नाल्यात सोडण्याचे दाखवले आहे तो आमच्या ले-आऊटमधून जातो व दर पावसाळ्यात भरतो (फोटो जोडले आहेत). नाल्याच्या क्षमतेचा अभ्यास प्रस्तावासोबत नाही. तो करून प्रसिद्ध करावा, तोवर फेरबदल मंजूर करू नये. मला सुनावणी द्यावी." शेवटची ओळ विसरू नका.

सुनावणीला गेलात तर पाच मिनिटेच मिळतील असे धरून चला. लेखी टिपण सोबत न्या, ते दाखल करा आणि त्याचीही पोच घ्या. तिथे आवाज चढवून काही हाती लागत नाही.

पर्यावरण मंजुरी

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. दीड लाख चौरस मीटरच्या आतल्या इमारत प्रकल्पांना जनसुनावणी नाही, हे लक्षात ठेवा, कारण लोक तिची वाट बघत बसतात. परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर प्रकल्पाचे नाव टाकून अर्ज, अहवाल, मंजुरीच्या अटी बघता येतात. मंजुरी मिळाल्यावर तिची प्रत स्थानिक संस्थांना द्यावी लागते आणि त्यांनी ती ३० दिवस लावून ठेवायची असते.

मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करता येते. विदर्भासाठी खंडपीठ पुण्याला. मुदत ३० दिवसांची. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे दार बंद. भरपाई मागत नसाल तर शुल्क १,००० रुपये.

माहितीचा अधिकार

प्रस्ताव, वाहतूक अभ्यास, शेजारच्या संस्थेशी झालेला पत्रव्यवहार हे सगळे मागवा. शुल्क १० रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस लागतात आणि हरकतीची मुदतही जवळपास तेवढीच असते, म्हणून प्रकल्पाची बातमी कानावर आली त्याच आठवड्यात अर्ज टाका, नोटिशीची वाट बघू नका. उत्तर न आल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, दुसरे राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. दोन्हीला २० रुपये.

न्यायालय

शासनाने फेरबदल मंजूर केला की नगररचना कायद्याखालचे आदेश अंतिम मानले जातात, त्यामुळे दिवाणी दाव्याची वाट अरुंद आहे. रस्ता उरतो तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकेचा, सिव्हिल लाइन्समधल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. स्वतःच्या घराला-शेतीला बाधा असेल तर साधी रिट करावी. सगळ्या गावाचा प्रश्न असेल तर जनहित याचिका, तिला उच्च न्यायालयाचे २०१० चे नियम लागू होतात. नगरपरिषद याचिकाकर्ती असेल तर वर सांगितलेला ठराव इथे पहिल्या पानाला लागतो.

वकिलाकडे जाताना राजपत्रातली नोटीस, पोच असलेली हरकत, सुनावणीचे पत्र आणि टिपण, मंजुरीची अधिसूचना, पर्यावरण मंजुरी आणि माहिती अधिकारातली उत्तरे तारखेप्रमाणे लावून न्या. "मुदतीत हरकत घेतली होती का?" हा प्रश्न येतोच. उशीरही करू नका. पाया भरून खांब उभे राहिल्यावर स्थगिती मिळणे फार कठीण होते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे, नागपूरलाच, मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्जासोबत ओळखपत्र, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला आणि वरची कागदांची फाइल जोडायची. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला निघायला वेळ लागतो, म्हणून तो हरकतीची तयारी सुरू कराल तेव्हाच काढायला टाका.