सुपर्ब स्टार्लिंग : रंगाची कीर्ती आधी, संसाराची मागाहून

केनिया-टांझानियाची सफारी करून आलेल्यांच्या फोटोंत सिंह असो-नसो, हा पक्षी असतोच. कारण तो बुजत नाही. लॉजच्या टेबलाखाली बिनधास्त तुकडे वेचत फिरतो. काळं डोकं, निळी-हिरवी चकाकती पाठ, विटकरी-नारिंगी पोट आणि छाती-पोटाच्या मधोमध बारीक पांढरी पट्टी. ही पट्टी नीट बघून घ्यावी. त्याच माळरानावर फिरणाऱ्या हिल्डेब्रांट स्टार्लिंगला ती नसते आणि त्याचे डोळे लालसर असतात. सुपर्बच्या प्रौढ पक्ष्याचा डोळा मात्र फिकट, जवळजवळ पांढरा. पिल्लांचे डोळे काळपट असतात.

पाठीचा निळा म्हणजे निळं रंगद्रव्य नव्हे. पिसांतल्या मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांच्या थरांवरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून पक्षी जरा वळला की निळ्याचा हिरवा होतो.

या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन 1845 मध्ये फ्रँकफर्टचे निसर्गतज्ज्ञ एडुआर्ड रुप्पेल यांनी केलं. पुढे बराच काळ तो ‘स्प्रेओ’ या प्रजातीत गणला गेला; डीएनएच्या अभ्यासानंतर ‘लॅम्प्रोटॉर्निस’मध्ये स्थिरावला. आपली साळुंकी आणि हिवाळ्यात थव्यांनी येणारी भोरडी याच कुळातल्या.

एवढी वर्षं कौतुक झालं ते रूपाचं. वागणुकीकडे लक्ष गेलं ते थोडं आडवाटेनं. 1980च्या दशकात केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ माकडांचा अभ्यास करत होते. जमिनीवरचा शत्रू दिसला तर सुपर्ब स्टार्लिंग एक हाक देतो, शिकारी पक्षी दिसला तर वेगळी. आणि व्हर्वेट माकडं या दोन हाकांमधला फरक ओळखून वागतात, असं त्यांना आढळलं.

खरा उलगडा झाला तो 2001 नंतर, मध्य केनियातल्या म्पाला संशोधन केंद्राच्या परिसरात डस्टिन रुबेनस्टाइन यांनी सुरू केलेल्या अभ्यासात. हे पक्षी मोठ्या कुटुंबकबिल्यानं राहतात. पिल्लांना भरवायला आईबापांबरोबर इतरही मदतीला येतात. पाऊस लहरी असलेल्या माळावर ही सोय मोलाची. मदतनीस म्हणजे नातलगच असणार, असा सोपा तर्क होता. पण वर्षाला दोन अशा 40 विणीच्या हंगामांची नोंद तपासून 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात आलेल्या निबंधानं त्याला छेद दिला: नातलगांना झुकतं माप असतं खरं, तरी परक्यांनाही मदत होते, आणि आज ज्याला मदत मिळाली तो पुढच्या एखाद्या हंगामात तिची परतफेड करतो.